खाटेवरचा ग्रंथ

१९२० सालची गोष्ट. अमेरिकेत अँटन बॉइसन नावाचे एक पाळक होते. चाळिशी ओलांडलेले, धर्मशास्त्र शिकलेले. त्या ऑक्टोबरात त्यांचं भान हरपलं. जगाचा अंत जवळ आलाय, असं त्यांना वाटू लागलं. घरच्यांनी त्यांना मनोरुग्णालयात दाखल केलं. सुमारे पंधरा महिने ते तिथल्या खाटेवर होते.

पडल्या पडल्या त्यांना एक गोष्ट कळत गेली. डॉक्टर शरीर तपासतात. पण त्या भयाचा अर्थ काय, हे कुणी विचारत नाही. आणि चर्च? शरीराच्या आजारांसाठी त्याने दवाखाने बांधले, मनाच्या आजाराचं दार मात्र त्याला अनोळखीच राहिलं. एका मित्राने त्यांना मनोविश्लेषक फ्रॉइडचं व्याख्यानांचं पुस्तक पाठवलं. ते त्यांनी मन लावून वाचलं, पण त्यासाठी प्रार्थना सोडली नाही.

बरे झाल्यावर, १९२४ साली, बॉइसन वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मगुरू म्हणून रुजू झाले. पुढच्याच उन्हाळ्यात धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी त्यांच्या हाताखाली आले. बॉइसननी त्यांना वॉर्डात सेवकाच्या कामाला लावलं. धर्मग्रंथ जसा आदराने वाचता, तसाच हा जिवंत माणूस वाचा, ही त्यांची शिकवण होती.

१९३० आणि १९३५ मध्ये आजार परत आला. त्यांची श्रद्धा आटली नव्हती आणि ज्ञानही आटलं नव्हतं. दोन्ही वेळा ते सावरले आणि पुन्हा रुग्णांकडे गेले.

१९६५ साली इलिनॉय राज्यात बॉइसन वारले. त्याच वर्षी, त्याच राज्यात, जे ॲडम्स नावाचे दुसरे पाळक मॉवरर या मानसशास्त्रज्ञाबरोबर मनोरुग्णालयांत उन्हाळाभर राबत होते. पाच वर्षांनी ॲडम्स यांनी 'कॉम्पिटंट टू कौन्सेल' हे पुस्तक लिहिलं. शरीराचा आजार डॉक्टरांनी बघावा, पण माणसाच्या जगण्याचे प्रश्न सोडवायला पवित्र शास्त्र पुरेसं आहे, त्यात मानसशास्त्राची भेसळ नको, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पाळकांनी आपला कळप परक्यांच्या हवाली केला, ही त्यांची खंत होती. तीही खरी होती. पश्चात्ताप आणि क्षमा यांची भूक औषधाने भागत नाही.

वाद पेटला. सत्य कुठेही सापडो, ते देवाचंच, असं एक बाजू म्हणे. दुसरी म्हणे, परक्या विहिरीचं पाणी आपल्या घड्यात नको. तो वाद अजून मिटलेला नाही.

पण एक गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. मानसशास्त्राला कवटाळणारे बॉइसन आणि ते दूर सारणारे ॲडम्स, दोघेही शहाणे झाले ते रुग्णांच्या सहवासात. आणि ॲडम्स यांना तिथवर नेणारा माणूस मानसशास्त्रज्ञच होता. ती हकीकत त्यांनी आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितली आहे.

रात्री झोप न येणारा माणूस पाळकाच्या दारी येतो, तेव्हा तो कोणत्या पंथाचा सल्ला मिळेल हे विचारायला आलेला नसतो. त्याला कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं. त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि गरज दिसली तर हात धरून डॉक्टरांकडेही न्यावं. आजाराला पाप म्हणू नये, आणि पापाच्या टोचणीला नुसता आजार म्हणून झटकू नये.

बोध : दुखणाऱ्याजवळ आधी बसावं, शास्त्र कोणतं उघडायचं, ते त्याचं ऐकल्यावर ठरवावं.