काटा निघाला नाही, पण कृपा पुरली



आज सामान्य काळातील चौदावा रविवार. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथ येथील ख्रिस्ती बांधवांना आपले एक दुःख मोकळेपणाने सांगतो. त्याच्या देहात एक काटा सलत होता. हा काटा म्हणजे आजार, लोकांचा विरोध की एखादा मोह, याविषयी पंडितांनी अनेक तर्क केले आहेत. पौलाने मात्र त्याचे नाव सांगितलेले नाही. त्यामुळे आपण प्रत्येकजण त्या जागी आपापल्या काट्याचे नाव लिहू शकतो.

हा काटा दूर व्हावा म्हणून पौलाने प्रभूला तीन वेळा विनविले. पौल म्हणजे कोणी कच्च्या मनाचा माणूस नव्हे. याच पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याने सोसलेल्या हालांची यादी आहे. पाच वेळा फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार आणि तीन वेळा जहाज फुटून समुद्रात पडणे! एवढे सोसूनही सुवार्तेसाठी गावोगाव फिरणाऱ्या या प्रेषिताचा काटा निघाला नाही. आपली कृपा त्याला पुरेशी आहे आणि आपले सामर्थ्य माणसाच्या दुर्बलतेतच पूर्णत्वास जाते, असे प्रभूने त्याला सांगितले. पौलाला हवे होते ते मिळाले नाही. पण तो काटा घेऊन चालण्याचे बळ त्याला मिळाले.

आपण आपल्या जीवनाकडे पाहू या. प्रायश्चित्तकाळ आला की आपण निश्चय करतो. यापुढे दारूला शिवणार नाही. जमिनीच्या वादावरून अबोला धरलेल्या भावाशी बोलेन. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंवर चिडणार नाही. निश्चय चांगलेच असतात, आणि काही दिवस निभावतातही. ते निभावले की आपल्या मनात हळूच गर्व शिरतो आणि ज्यांना जमत नाही त्यांना आपण नावे ठेवू लागतो. मोडले की आपण खचतो, ‘माझ्याने हे होणारच नाही’ म्हणून सोडून देतो. काही जण तर लाजेपोटी पापनिवेदनाला जाणे आणि पुढे मिस्साला येणेही थांबवतात. गर्व आणि निराशा ही एकाच झाडाची फळे आहेत. दोन्हींत माणूस स्वतःकडेच पाहत राहतो. देवाकडे पाहायचे राहून जाते.

संत पेत्राचे असेच झाले. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने प्रभूला छातीठोकपणे सांगितले, की बाकी सगळे सोडून गेले तरी तो जाणार नाही. त्याचे प्रेम खोटे नव्हते, पण त्याची सारी भिस्त स्वतःवर होती. कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने तीन वेळा प्रभूला नाकारले. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशूने त्याला तीन वेळा प्रेमाविषयी विचारले. या वेळी पेत्राने इतरांशी तुलना केली नाही, बढाई मारली नाही. प्रभूला सगळे ठाऊक आहे, एवढेच तो म्हणाला. अशा पेत्राच्या हाती प्रभूने आपली मेंढरे सोपवली.

आपल्या काळातही असे साक्षीदार झाले आहेत. व्हिएतनामचे फ्रान्सिस झेविअर न्गुएन व्हान थुआन हे आठ वर्षे न्हा त्रांग येथे बिशप होते. एप्रिल १९७५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांची सायगाव येथे सहायक आर्चबिशप म्हणून नेमणूक केली. त्यानंतर काही दिवसांतच सायगाव पडले आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना अटक झाली. खटला न चालवता त्यांना १३ वर्षे बंदिवासात ठेवले. त्यांतील ९ वर्षे ते एकांतकोठडीत होते. आपण उभे केलेले सारे काम वाऱ्यावर गेले, या विचाराने ते तळमळत. अशाच एका रात्री त्यांना उमगले, की देव वेगळा आणि देवाचे काम वेगळे. काम देव दुसऱ्यांकडूनही करवून घेईल. आपण देवाला धरून राहायचे. त्यांच्या मनाला शांती लाभली.

पोटाचे औषध हवे म्हणून त्यांनी बाहेर निरोप पाठवला. लोकांनी ओळखले आणि औषधाच्या बाटलीतून द्राक्षारस धाडला. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते रोज मिस्साबलिदान अर्पण करीत. त्यांच्यावर नेमलेले पहारेकरीही हळूहळू त्यांचे मित्र झाले. १९८८ मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे २००० साली प्रायश्चित्तकाळात त्यांनी पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासाठी आध्यात्मिक साधना घेतली. रिकाम्या तळहातानेही देवाची सेवा करता येते, हे त्यांनी आपल्याला शिकवले.

मग हातपाय गाळून बसावे का? मुळीच नाही. देवाचे बळ बहुधा माणसांच्या हातूनच येते. दारूच्या विळख्यात सापडलेल्यांसाठी १९३५ पासून काम करणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची पहिली पायरीच अशी आहे, की दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करावे. त्यानंतरच आपल्याहून मोठ्या शक्तीवर भरवसा ठेवायचा आणि सोबत्यांच्या आधाराने एकेक दिवस काढायचा. सभेला जाणे, डॉक्टरांचे औषध घेणे, थकलेल्या सुनेने शेजारणीला दोन तास बसायला बोलावणे, यात अविश्वास नाही. देवाने पुढे केलेला हात धरणे म्हणजेच विश्वास.

आजच्या शुभवर्तमानात नाझरेथकर इथेच अडखळले. ज्याला लहानपणापासून पाहिले, त्या सुताराच्या हातून देवाचे सामर्थ्य प्रकटेल हे त्यांना पटेना. म्हणून तिथे येशूने थोड्याच आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरे केले. आपणही ओळखीचे हात नाकारतो. मोठ्या चमत्काराची वाट पाहतो आणि दारात आलेल्या भावाला परत पाठवतो.

तेव्हा या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. सकाळी उठताच, आजचा दिवस आपल्या बळावर निभणार नाही हे देवाजवळ कबूल करू या. मिस्सात भाकर व द्राक्षारस अर्पण होत असताना आपला काटा नाव घेऊन वेदीवर ठेवू या. आणि मानापायी टाळलेली कोणाची तरी मदत नम्रपणे स्वीकारू या.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, आमचे निश्चय मोडतात, आमचे हात थकतात. आमचा काटा काढणे तुझी इच्छा असेल तर काढ. नसेल तर तुझ्या कृपेने आम्हांला चालव. जिंकलो तर गर्वापासून आणि पडलो तर निराशेपासून आम्हांला राख. आमेन.