वाचणाऱ्याचे ऋण

परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर, पाथरी या गावांतील महाविद्यालयांत जे विद्यार्थी आज शिकावयास येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येते आणि लिहिताही येते. परंतु या दोन क्रियांना परस्परांशी जोडणारा जो दुवा असावयास हवा, तो फार थोड्यांच्या हाती लागलेला असतो. एखादा उतारा समोर ठेवून त्याविषयी स्वतःचे म्हणणे पृष्ठभर मांडावयास सांगितले, तर विद्यार्थी उताऱ्यातीलच वाक्ये क्रम थोडा बदलून वहीत उतरवितो, अथवा गाइडातील तयार उत्तराची नक्कल करितो. या वैगुण्याकडे आपण केवळ कौशल्याची उणीव म्हणून पाहत आलो आहोत, आणि म्हणूनच वाचनासाठी एक तासिका व लेखनासाठी दुसरी असा त्यावरील इलाजही दोन तुकड्यांत करीत आलो आहोत. मला मात्र असे निश्चितपणे वाटते की, कौशल्याच्या आधी हा प्रश्न अधिकाराचा आणि ऋणाचा आहे: दुसऱ्याचा शब्द मनात घेणारा मनुष्य त्या शब्दाचे काय देणे लागतो, आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार त्याला कोठून प्राप्त होतो, हे ठरल्यावाचून वाचन आणि लेखन यांचा खरा संबंध शिकविता येणार नाही.

या प्रश्नाचे अतिप्राचीन उत्तर तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लीत सापडते. तेथील एका अनुवाकात ऋत, सत्य, तप, दम, शम, अग्निहोत्र, अतिथिसत्कार अशी कर्तव्ये एकामागून एक सांगितली आहेत, आणि प्रत्येक कर्तव्याबरोबर न चुकता एक जोडी उच्चारली आहे, ती म्हणजे स्वाध्याय आणि प्रवचन. शेवटी तीन आचार्यांची मते नोंदविली आहेत. सत्यवचा राथीतराच्या मते सत्य हेच सर्वश्रेष्ठ, तपोनित्य पौरुशिष्टीच्या मते तप, आणि नाक मौद्गल्याच्या मते स्वाध्याय व प्रवचन, कारण तेच तप होय. ज्या जिल्ह्यात गोदावरीच्या पात्रात मुद्गलेश्वराचे मंदिर उभे आहे, त्या जिल्ह्यातील शिक्षकाला हे मौद्गल्याचे मत विशेष आपुलकीचे वाटावे. त्याने ग्रहण आणि दान यांची फारकत केली नाही. जो घेतो त्याने दिले पाहिजे, आणि देण्याची तयारी ठेवूनच घेतले पाहिजे, असा या जोडीचा आशय मी समजतो. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो व त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे आपल्या परंपरेने मानले. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येते की, नुसत्या वाचनाने ते ऋण वाढतच जाते, आणि वाचलेले आपल्या बुद्धीतून व वाणीतून पुन्हा जगापुढे ठेवले जाते तेव्हाच त्याच्या फेडीस प्रारंभ होतो.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, आपली परंपरा मूलतः श्रवणाची असून लेखनाला तीत मानाचे स्थान नव्हते. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात अधम पाठकांची जी गणना केली आहे, तीत लिहिलेले पाहून म्हणणाराही येतो. परंतु त्याच गणनेत, त्याच्या अगदी शेजारी, अर्थ न जाणता पठण करणाराही बसविलेला आहे, हे विसरून चालणार नाही. पोथीचा आधार घेणे हा दोष ठरला, तो ज्ञान पोथीत राहून मनुष्यात उतरत नाही म्हणून. आणि अर्थावाचूनचे पाठांतर हाही दोष ठरला, तो शब्द जिभेवर राहून बुद्धीपर्यंत पोचत नाही म्हणून. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन सांगितले. शब्द मनुष्यात उतरावा कसा, हीच या सर्वांची चिंता होती. ज्या काळी स्मरणशक्ती हेच ज्ञानाचे भांडार होते, त्या काळी मननाचे साधन वाणी होती. आज ते साधन मुख्यत्वे लेखणी आहे, कारण मनात अस्पष्ट राहिलेला विचार कागदावर वाक्यरूपाने उभा करावा लागताच त्याचे कच्चेपण लिहिणाऱ्याला स्वतःलाच दिसून येते.

मराठी वाङ्मयाचा तर पायाच मुळी वाचनातून झालेल्या लेखनावर उभा आहे. शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी जो ग्रंथ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी जो लिहून घेतला, तो गीतेच्या सातशे श्लोकांचे सुमारे नऊ हजार ओव्यांत केलेले वाचनच आहे. मूळ ग्रंथाला सोडून न जाता, आणि तरीही प्रत्येक श्लोकाशी स्वतःच्या बुद्धीने व लोकभाषेने बोलत, एक तरुण वाचक जेव्हा लिहितो तेव्हा काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्यापाशी नाही. परंपरा पुढे असेही सांगते की, हे भाष्य पूर्ण झाल्यावर निवृत्तिनाथांनी स्वतंत्र अनुभव सांगण्याची आज्ञा केली आणि त्यातून अमृतानुभव निर्माण झाला. प्रथम परग्रंथाशी निष्ठा, तदनंतर स्वतंत्र वाणी, असा हा क्रम आहे, आणि तो उलटा करण्याची घाई आपल्या वर्गांत वारंवार होते: ज्याने एखादा ग्रंथ नीट ऐकून घेतलेला नाही त्याच्याकडून आपण स्वतंत्र मताची अपेक्षा करितो, आणि ते येत नाही म्हणून निराश होतो. पुढे जवळजवळ तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रतींची रुजुवात करून पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीद दिली. ज्याच्या स्वतःच्या प्रतिभेतून एकनाथी भागवतासारखा ग्रंथ उतरला होता, त्या कवीने दुसऱ्याच्या शब्दासाठी इतका विनय आणि इतके कष्ट दाखवावेत, यात वाचकाच्या धर्माचे पूर्ण दर्शन घडते.

असे असूनही अधिकाराचा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि त्याला तोंड देताना परभणी जिल्ह्यातील मनुष्याला जनाबाईपाशी जावेच लागते. गंगाखेड हे तिचे जन्मग्राम. ज्या नामदेवांच्या घरी ती दासी म्हणून राहिली त्यांचे नरसी गावही १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात मोडत होते. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले हे सांगणारा एक अभंग तिच्या नावावर आहे; त्यात ज्ञानदेवांचे, चोखामेळ्याचे आणि इतरांचे लेखक नावानिशी येतात, आणि जनीचा लेखक म्हणून प्रत्यक्ष पांडुरंग येतो. शूद्र दासीच्या हाती समाजाने लेखणी दिली नव्हती, आणि भक्तीने त्यावर दिलेला जबाब असा की, तिची वाणी लिहून ठेवण्यासाठी देवानेच खाली बसावे. मग जनाबाईला लेखनावाचून अधिकार प्राप्त झाला, तर आजच्या विद्यार्थ्यालाच लेखनाचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जनाबाईने नामदेवांच्या घरी जे ऐकले त्याला तिने आपल्या जात्यावरच्या, शेण्या वेचण्याच्या, झाडलोटीच्या आयुष्यातून स्वतःचे उत्तर दिले. तिचा स्वाध्याय प्रवचनापर्यंत पोचला होता. तिच्या बाबतीत हात दुसऱ्याचा होता आणि वाणी तिची होती. आज नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्याचा हात त्याचा असतो आणि वाणी दुसऱ्याची असते.

ही अवस्था विद्यार्थ्याच्या आळसामुळे आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिची मुळे या प्रदेशाच्या इतिहासात आहेत. १९४८ पूर्वी परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. कचेरीची, अदालतीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे थोर कार्य केले, परंतु मराठी घरातील मुलाला ती भाषा मातेची नव्हती. घरी ज्ञानेश्वरी अथवा हरिविजय मराठीत ऐकावयाचा, आणि शाळेत मजकूर उर्दूत लिहावयाचा, अशा व्यवस्थेत वाचन आणि लेखन ही दोन निरनिराळी जगे झाली. वाचन म्हणजे पारायण, आणि लेखन म्हणजे अर्ज, दाखला, फेरिस्त, दप्तर, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या मनात रुजली. पारायणाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. त्याने निरक्षर माणसालाही ग्रंथाच्या सहवासात ठेवले. परंतु पारायणात प्रश्न विचारावयाचा नसतो आणि कचेरीच्या मसुद्यात स्वतःचे काही सांगावयाचे नसते, म्हणून या दोहोंच्या मध्ये विचाराला जागाच उरली नाही. तिकडे ज्यांना लेखणीच नाकारली गेली होती, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले, आणि पुढे त्याला नागसेन भिक्षूस निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव मिळाले. अधिकार जन्माने येत नाही, प्रश्न विचारण्याने येतो, हा त्या नावातील उपदेश मराठवाड्याच्या प्रत्येक वर्गखोलीसाठी आहे.

हा अधिकार विद्यार्थ्याच्या अंगी आणावयाचा कसा, याचीही पद्धत आपल्या शास्त्रांनी सिद्ध करून ठेविली आहे. मीमांसकांनी कोणत्याही अधिकरणाची, म्हणजे एका वादविषयाच्या विचाराची, पाच अंगे मानली: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. बी. ए.च्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याच्या हाती जनाबाईचा दळणाचा एखादा अभंग द्यावा. प्रथम त्याने अभंगात काय आहे एवढेच चार वाक्यांत लिहावे, हा विषय. मग वाचताना मन जेथे अडले ते स्थान दाखवावे: देव दासीबरोबर दळू लागतो, हा तिच्या श्रमाचा गौरव आहे, की तिच्या दास्याची समजूत घालणे आहे? हा संशय. त्यानंतर जे मत आपले नाही ते अशा प्रामाणिकपणे मांडावे की, ते मत असणाऱ्यानेही त्याखाली सही करावी, हा पूर्वपक्ष. त्यावर अभंगातील शब्दांचा दाखला देऊन आपला निर्णय सांगावा, आणि शेवटी हा निर्णय आपण वाचलेल्या इतर गोष्टींशी व आपण पाहिलेल्या जीवनाशी कसा जुळतो ते लिहावे. ज्या मुलीने आजीला जात्यावर ओव्या म्हणताना ऐकले आहे, किंवा जिची आई आजही कापूस वेचावयास दुसऱ्याच्या रानात जाते, तिच्यापाशी या संगतीसाठी असे ज्ञान आहे की जे तिच्या अध्यापकापाशीही नसेल. लिहून झाल्यावर तिने तोच अभंग पुन्हा वाचावा. पहिल्या वाचनात जे शब्द नजरेखालून निसटले होते ते आता तिला अडवितील, आणि लेखनाने वाचन कसे बदलते हे तिला कोणी सांगण्याची गरज राहणार नाही.

या पाच अंगांत मला पूर्वपक्ष सर्वाधिक मोलाचा वाटतो, कारण त्यातच वाचकाचे शील कसास लागते. पटत नाही ते न ऐकताच फेटाळणे आणि पटते ते न तपासताच स्वीकारणे, हे दोन्ही वाचनाचे अधर्म आहेत, आणि पूर्वपक्ष लिहिणाऱ्याला दोहोंपासून दूर राहावे लागते. जुन्या परभणी जिल्ह्यातील कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर मनुस्मृतीचे कठोर टीकाकार होते. परंतु तिच्यावर बोलताना त्यांनी तिचे म्हणणे प्रथम संपूर्ण समजावून दिले आणि मगच आपला विरोध उभा केला. ज्या प्रदेशात जात, धर्म आणि पक्ष यांच्या नावाने माणसे एकमेकांचे बोलणे अर्ध्यावर तोडतात, तेथे विरोधकाचे मत निष्ठेने लिहिता येणे ही नागरिकत्वाचीही दीक्षा आहे.

शिक्षकाचे ऋण याहून मोठे आहे. विद्यार्थ्याने वाचून लिहिले आणि शिक्षकाने ते न वाचताच केवळ गुण देऊन परत केले, तर स्वाध्याय आणि प्रवचन यांची साखळी शिक्षकाच्या मेजावर तुटते. मोठ्या वर्गात प्रत्येक वही दर आठवड्यास वाचणे अशक्य आहे हे मला मान्य आहे. परंतु थोड्या वह्या पाळीपाळीने घेऊन त्यांच्या समासात एक खरा प्रश्न लिहिणे शक्य आहे, आणि ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ या शेऱ्यांपेक्षा त्या एका प्रश्नाने विद्यार्थ्याला हे अधिक कळते की, आपल्यालाही कोणी वाचणारा आहे. परीक्षेनेही या कार्यास साहाय्य करावे. तयार उत्तराला पूर्ण गुण आणि प्रामाणिक संशयाला शून्य, अशी व्यवस्था जोवर चालेल, तोवर नक्कल करणाऱ्याला दोष देण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. म्हणून माझी या जिल्ह्यातील अध्यापकांना विनंती आहे की, येत्या सत्रात निदान एका निबंधाचे गुण देताना विद्यार्थ्याने दुसऱ्याचे मत किती न्यायाने मांडले याचे गुण प्रथम द्यावेत, आणि त्याचे स्वतःचे मत आपल्या मताशी जुळते की नाही याचा विचार गुणदानात मुळीच करू नये. असे लिहावयास शिकलेला मुलगा पुढे शेतकरी होवो, तलाठी होवो अथवा कीर्तनकार होवो, त्याच्यापुढे आलेला प्रत्येक कागद आणि प्रत्येक माणूस तो पूर्ण वाचील, आणि मगच आपली सही करील.