आई आणि आसरा : जलदेवतेचा नैतिक अर्थ

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर संगमनेर वसले आहे. प्रवरेला ‘अमृतवाहिनी’ म्हणतात. नदीला माता मानणाऱ्या स्तुतिपरंपरेचेच हे विशेषण. महाराष्ट्राच्या लोकधर्मात मात्र पाणवठ्यावर दुसरेही दैवत भेटते : शेंदूर माखलेले सात तांदळे, अर्थात साती आसरा. ‘अप्सरा’ या शब्दाशी नाते असलेल्या या जलदेवता अपत्य देतात, तशाच माणसाला धरतात आणि बुडवितातही.

ॲन फेल्डहाउस यांनी १९९५ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्यांच्या स्त्रीत्वाचे अर्थ उलगडले आहेत. त्यांतून उद्भवणारा नैतिक प्रश्न असा : पाण्याशी अधिक प्रामाणिक नाते कोणते, मातेचे की आसरांचे?

योरुबा धर्मातील ओशुन ही नदीदेवता येथे तुलनेस उपयुक्त ठरते. पुरुषदैवतांनी तिला डावलले तेव्हा त्यांचे प्रत्येक कार्य फसले, अशी कथा आहे. नायजेरियात ओशोग्बो येथील तिच्या राईत मासेमारी आणि वृक्षतोड निषिद्ध मानली जाते.

भय म्हणजे नीती नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. आसरांच्या भयाचा जाच बाळंतिणींना आणि तरुण मुलींनाच अधिक झाला. तथापि त्या भयात एक मान्यता दडलेली आहे : पाणी नकार देऊ शकते. ‘माता’ या रूपकात क्षमा आधीच गृहीत धरलेली असते. म्हणून तिची स्तुती आणि तिचा उपसा एकाच वेळी चालू शकतात. ज्याच्या नकाराचा अधिकार मानलेला नाही, त्याच्याविषयीची कृतज्ञता हा केवळ उपचार ठरतो.