अर्ज न करणाऱ्यांचा आयोग

पनवेलहून नेऱ्याकडे जाताना सुकापूरच्या आसपास एखादी पांढरी गाडी हमखास पुढे घुसते. मागच्या काचेवर लाल अक्षरांत ‘मानवाधिकार’ आणि त्याखाली ‘तालुकाध्यक्ष’. अशा संघटना बऱ्याच आहेत. त्यांतल्या काही मनापासून काम करतात, काहींचा उपयोग नाकाबंदीपुरता. पण तालुक्याचा मानवी हक्क आयोग म्हणून कायद्यात काहीच नाही. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमाला आयोग ठाऊक आहेत ते दोनच, राष्ट्रीय आणि राज्य. जिल्ह्यासाठी कलम ३० मध्ये ‘मानवी हक्क न्यायालय’ आहे, म्हणजे सत्र न्यायालयालाच तो दर्जा द्यायचा. अशा न्यायालयात जाऊन आलेला माणूस मला अजून भेटायचाय.

तेव्हा नेऱ्याच्या माणसाला आयोग म्हणजे मुंबईचा राज्य आयोग. तो काही फार लांब नाही. पनवेल लोकल ज्या सीएसएमटीला संपते, त्याच्या समोरच त्याचं कार्यालय आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, मराठीत अर्ज चालतो. चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत. कोठडीत मारहाण झाली, पोलिसांनी तक्रारच घेतली नाही, तर इथं दाद मागता येते. पुढे कलम १८ प्रमाणे आयोग शिफारस करतो, अमुक भरपाई द्या, तमुकावर खटला भरा. शिफारस करतो, हुकूम नाही, यावर पुष्कळ टीका झाली आहे. (मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२१ मध्ये अशा शिफारशी बंधनकारक मानल्या, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी मनावर घेतलेली दिसत नाही.) रिकाम्या खुर्च्यांवरही टीका झाली. २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की आयोग नसतील तर नेमा, आणि जागा रिकाम्या असतील तर भरा.

ही टीका खरी आहे, पण ती सगळी अर्जदाराच्या बाजूने केलेली आहे. माझा प्रश्न अर्ज न करणाऱ्याचा आहे, आणि तो नेऱ्यात उभा राहिला की चांगला दिसतो.

गाढी नदीच्या खोऱ्यात, माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून नेरे वसलं आहे. पलीकडे प्रबळगड, वर ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, खाली आता नवी मुंबई विमानतळ परिसराच्या ‘नैना’ योजनेचे नकाशे आणि इमारतींचे फलक. विमानतळ आल्यापासून इथल्या गुंठ्याचा भाव हा गप्पांचा पहिला विषय. याच नेऱ्यात कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. आज तिथं वृद्धाश्रम आहे, निसर्गोपचार केंद्र आहे, मुंबईचे लोक वजन उतरवायला येतात. मुळात मात्र ही जागा कुष्ठरोगामुळे समाजाने घराबाहेर काढलेल्या माणसांसाठी उभी राहिली. अशाच जागा दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांनी उभ्या केल्या. महाराष्ट्रात या माणसांसाठी जे काही झालं ते बहुतेक अशाच संस्थांनी केलं, आणि गांधींच्या प्रभावाखालच्या लोकांनी केलं. त्याबद्दल कृतज्ञ असूनही एक गोष्ट बोलायला हवी. आश्रमात माणसाला जेवण मिळालं, काम मिळालं, मान मिळाला, पण घरातून हाकलणाऱ्याला, शाळेतून नाव काढणाऱ्याला, जमिनीच्या वाटणीतून वगळणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही. अन्याय बाहेर घडला आणि त्याची भरपाई आत होत राहिली. करुणेने भरपाई केली की गुन्हेगाराचं नाव नोंदवायचं राहून जातं.

गुन्हेगारांत सरकारही होतं. हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला आणि ब्रिटिश साम्राज्यभर भीती पसरली. हिंदुस्थानात १८९०-९१ मध्ये एक लेप्रसी कमिशन देशभर हिंडलं. रोग्यांना सक्तीने वेगळं ठेवण्याइतका हा रोग संसर्गजन्य नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही १८९८ मध्ये लेपर्स ॲक्ट आलाच. निर्धन कुष्ठरोगी ‘दिसणाऱ्या’ माणसाला पोलिसाने वॉरंटशिवाय पकडावं आणि त्याची रवानगी आश्रमात व्हावी, अशी त्यात सोय होती. यातला ‘निर्धन’ महत्त्वाचा. सावकाराला तोच रोग झाला तर त्याने माडीवर राहावं. म्हणजे कायदा जंतूपेक्षा भिकाऱ्याला भीत होता. मुंबईत त्याच सुमाराला, १८९० मध्ये, म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर रोग्यांसाठी आश्रम काढला. तेच आजचं वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय. शहराला रस्ते मोकळे हवे होते आणि रोग्यांना छप्पर, दोघांचं एकाच भिंतीत भागलं.

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या, की रोग बरा. औषध सुरू होताच संसर्गाचा धोकाही जवळपास संपतो. २००५ च्या अखेरीस देशाने दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला आणि त्याला ‘दूरीकरण’ म्हटलं. नवे रुग्ण अजूनही सापडतात. पण लेपर्स ॲक्ट केंद्राने रद्द केला तो २०१६ मध्ये. औषध येऊन तीस वर्षं झाली होती. नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची मुभा हिंदू विवाह कायद्यातून गेली ती २०१९ मध्ये. मधल्या काळात ओडिशातल्या एका निवडून आलेल्या नगरसेवकाचं पद कुष्ठरोगाच्या कारणाने गेलं, आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता वैध ठरवली. कायदा तसा आहे, बदलायचा तर विधिमंडळाने बदलावा, असा सूर.

आता सांगा, या सगळ्यात अर्ज कुणी करायचा? १९७० साली घर सुटलेल्या बाईने? ती आश्रमात सत्तरीला आली, मुलगा कंपनीत लागला, सुनेच्या माहेरी अजून सांगितलेलं नाही. अर्ज केला तर नाव येईल, नाव आलं तर पत्ता येईल, पत्ता आला तर नातीचं लग्न अडेल. असं हिशेबाने गप्प बसणं मला भ्याडपणाचं वाटत नाही, ते शहाणपणाचंच आहे. जी यंत्रणा अर्जावर चालते तिच्या दप्तरात ही बाई कधीच दिसणार नाही, आणि वार्षिक अहवालात रकाना कोरा राहिला म्हणजे त्रास नाही असा अर्थ लावला जाईल.

पण १९९३ चा कायदा करणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं असं नाही. कलम १२ नीट वाचलं तर तक्रारींची चौकशी हे आयोगाच्या कामांपैकी फक्त एक. आयोग स्वतःहून दखल घेऊ शकतो. सरकारच्या ताब्यातले तुरुंग, उपचाराच्या आणि सुधारणेच्या संस्था पाहायला जाऊ शकतो. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की अमलात असलेला कोणताही कायदा हक्कांच्या दृष्टीने तपासून तो कसा सुधारावा हे सांगू शकतो. त्यासाठी अर्जदार लागत नाही. कायद्याचं पुस्तक आणि वाचायला बसलेला माणूस एवढंच लागतं.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हे थोडंफार घडलंही. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या विधी आयोगाने २०१५ मध्ये २५६ वा अहवाल याच भेदभावावर दिला आणि स्वतंत्र कायद्याचा मसुदा जोडला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंकज सिन्हा प्रकरणात केंद्राला आणि राज्यांना सविस्तर निर्देश दिले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२२ मध्ये सल्लापत्र काढून भेदभाव करणाऱ्या ९७ कायद्यांची यादीच सोबत दिली. यादी करणं हे बाबूचं काम म्हणून हसण्यावारी नेऊ नये. नगरसेवकाला वैयक्तिक तक्रारीने जे मिळालं नाही ते अशा यादीने मिळू शकतं, आणि तेही कुणाच्या नातीचं नाव न घेता.

मग महाराष्ट्राच्या आयोगाला हातासरशी करण्याजोगं काम काय? माझ्या मते १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. भीक मिळावी म्हणून जखम, व्यंग किंवा रोग दाखवणं ही या कायद्यात भीक मागण्याचीच एक व्याख्या आहे. पोलिसाला वॉरंट लागत नाही. पहिल्यांदा सिद्ध झालं तर तीन वर्षांपर्यंत, पुन्हा पुन्हा झालं तर दहा वर्षांपर्यंत डांबता येतं. डांबलेला भिकारी कुष्ठरोगी वाटला तर सरकारने त्याला कुष्ठाश्रमात हलवावं, अशी सोयही त्यात ठेवलेली होती. १८९८ चा कायदा रद्द झाला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, आणि त्याचा गाभा चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाच्या नियमांत शाबूत राहिला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच कायद्यातल्या भीक मागणं गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. कायदा जिथे जन्मला त्या मुंबईत तो चालूच आहे.

अडचण आहे ती १९९३ च्या कायद्यातल्या कलम ३६ ची. घटनेला वर्ष उलटून गेलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. मारहाणीच्या प्रकरणात हे चालेलही. पण हाकलून दिलेल्या माणसाची ‘घटना’ नेमकी कोणत्या तारखेची? जपाननेही आपले रुग्ण असेच वेगळे ठेवले होते, त्यांचा कायदा १९९६ पर्यंत टिकला. कुमामोतोच्या न्यायालयाने मे २००१ मध्ये सरकारला दोषी धरलं, तेव्हा मुदत संपल्याचा बचाव तिथेही झाला होता. कायदा रद्द होईपर्यंत नुकसान चालूच होतं, म्हणून मुदत त्या दिवसापासून मोजायची, असं न्यायालयाने ठरवलं. पंतप्रधान कोइझुमींनी अपील केलं नाही. पुढे २०१९ मध्ये घरच्यांनाही भरपाई देणारा कायदा झाला, कारण बहिष्कार मुलांनी आणि भावंडांनीही भोगला होता.

आपल्याकडे मुलांची भरपाई हा विषय अजून कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही. निदान मुदत मोजण्याची ती रीत आपल्या राज्य आयोगाने उचलायला हरकत नसावी. त्याला ना संसदेची दुरुस्ती लागते ना अर्थसंकल्पात तरतूद. चालू राहिलेला अन्याय रोज नव्याने घडतो, एवढं एका आदेशात लिहिलं तरी पुरेसं आहे. तो आदेश कुणाच्या प्रकरणात लिहायचा हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्यासाठी आयोगाच्या सदस्यांना सीएसएमटीहून पनवेल लोकल पकडून यावं लागेल, कारण ती बाई तिकडे जाणार नाही.