तत्त्व आणि तपास

"खाला, व्याज हराम आहे. बँकेतले पैसे काढा आणि त्या बिनव्याजी योजनेत घाला." शेजारच्या विधवा खालांना हा सल्ला मीच दिला होता. दोन वर्षांत योजना बुडाली.

तत्त्व चुकले काय? नाही. पैसा कोठे जातो, नफा कशातून येतो, हे मी विचारलेच नाही. तत्त्वाचे नाव घेऊन तपासाची जबाबदारी टाळली.

उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' ही कायद्याची संहिता सिद्ध झाली. तिच्या आरंभी ९९ सर्वसाधारण नियम आहेत. खात्रीची गोष्ट केवळ संशयाने रद्द होत नाही, अडचणीत सवलत द्यावी, असे. मात्र स्पष्ट आधार असल्याशिवाय निव्वळ या नियमांवर निवाडा देऊ नये, असे संहिताकारांनीच न्यायाधीशांना बजावले आहे. नियम दिशा दाखवतो. समोरचे प्रकरण पाहण्याचे कष्ट आपल्यालाच घ्यावे लागतात.

खाला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बेटा, तुझी नियत साफ होती."

कृत्य हेतूवरून जोखावे, हाही त्या ९९ पैकीच एक नियम. पण त्याच्या आड मी लपावे काय?