फ्यूज का उडतो, हे विचारायचे की नाही?



आपल्या परिसरातील अनेक कुटुंबे टेम्पो आणि पिकअपवर चालतात. पहाटे कल्याणच्या बाजार समितीतून भाजी उचलायची, डोंबिवली-ठाण्याला उतरवायची आणि दुपारी कुणाचे घरसामान हलवायचे. गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की इंजिनापेक्षा वायरिंगच अधिक छळते. उष्णतेने वायरवरचे आवरण तडकते, उंदीर कुरतडतात, आणि चार महिन्यांच्या पावसात अर्थची वायर बॉडीला जिथे आवळलेली असते, तिथे गंज चढतो. मग इंडिकेटर लावला तर मागचे इतर दिवेही लुकलुकू लागतात. २६ जुलै २००५ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांना हे निराळे सांगायला नको. गाडी वाळते, चालूही होते. पण तांब्यावर चढणारा हिरवा थर आवरणाखाली आपले काम करीतच राहतो.

आम्हाला मात्र आज फक्त फ्यूजबद्दल बोलायचे आहे, कारण त्यात नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे.

समजा, रात्री रस्ता नीट दिसत नाही म्हणून मालकाने हेडलाइटचे ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० चे बसवले. अप्पर लावला की दोन बल्बचे मिळून २०० वॅट होतात. बारा व्होल्टवर हा प्रवाह १६ अँपिअरच्या वर जातो. निळा १५ अँपिअरचा फ्यूज काही वेळाने उडणारच. पुन्हा घातला, पुन्हा उडाला. मग हिरवा ३० चा बसवला जातो. तोही हाताशी नसेल तर वायरचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी. आता फ्यूज उडत नाही. जुनी बारीक वायर तापते, तिचे आवरण मऊ पडते, आणि ती जिथून जाते तिथे डिझेलचा पाइपही असू शकतो.

हे गॅरेजवाल्याला ठाऊक असते. तो सांगू लागला की मालक म्हणतो, “ते मला काही सांगू नकोस, पहाटे माल उचलायचाय, गाडी तेवढी चालू करून दे.” पुढे कधी गाडीने पेट घेतला तर हाच मालक म्हणेल, “मला काय माहीत?” आणि ते शब्दशः खरे असेल. त्याला माहीत नव्हते. पण मग तो निर्दोष आहे काय?

अॅरिस्टॉटलने अशा कायद्यांचा दाखला दिला आहे, की दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा, कारण शुद्ध हरपू देणे त्याच्याच हातात होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या विचाराची अधिक बारीक फोड केली. एखाद्याने पुरेशी काळजी घेऊन बाण सोडला आणि वाटेने कुणी जात असल्याचे त्याला ठाऊक नव्हते, तर त्या माणसाचा मृत्यू त्याने इच्छिलेला नाही. परंतु आपल्या सोयीच्या आड येऊ नये म्हणून एखादी गोष्ट मुद्दाम माहीत करून न घेणे निराळे. ते अज्ञान त्याने स्वतःच निवडलेले असते आणि ते त्याला सोडवीत नाही. सेमिनरीत हे शिकताना आम्हाला तो धनुर्धारी फार दूरचा वाटे. गॅरेजबाहेर उभे राहिले की तसे वाटत नाही.

गाडीचा हप्ता, मुलांची फी आणि एका दिवसाची बुडालेली कमाई यांचा हिशेब आम्ही जाणतो. दुरुस्ती परवडत नाही, हे खोटे नसते. पण न परवडणे आणि न विचारणे या दोन गोष्टी आहेत. विचारले असते तर जुने ६०/५५ चे बल्ब परत बसवायला कितीसा खर्च आला असता? उजेड कमी पडेल, गाडी हळू हाकावी लागेल, इतकेच. “पासिंग झालेय की!” हे उत्तरही पुरे नाही. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीची तपासणी दरवर्षी होते खरी, पण टेपखालचा जोड तिथे कोण उलगडून पाहतो?

गॅरेजवाला तरी सुटतो का? एकदा सांगून झाले म्हणजे त्याची जबाबदारी संपली, असे आम्हाला वाटत नाही. मालकाने धोका पत्करला असेल. शेजारी बसलेल्या हमालाला कुणी विचारले होते? फ्यूजच्या जागी वायर घालायला नकार देणे त्याच्या हातात असते, गिऱ्हाईक गेले तरी.

चांगले काम दिसतही नाही, ही अडचण आहेच. बॅटरीपासून जाड वायर, तिच्या सुरुवातीलाच योग्य फ्यूज, मध्ये रिले, जोड नुसते पिळून न ठेवता सोल्डर केलेले. याला अर्धा दिवस लागतो. तारा पिळून टेप गुंडाळायला दहा मिनिटे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि आपण मजुरी बहुधा दहा मिनिटांचीच देतो.

या आठवड्यात कुणी गाडी कामाला नेणार असेल, तर टेप गुंडाळण्याआधी जोड दाखवायला सांगा, उडालेला फ्यूज हातात मागून घ्या, त्यावरचा आकडा वाचा आणि इथे मुळात कितीचा होता हे विचारा. मजुरीही अर्ध्या दिवसाची ठरवा.