कावडीचे पाणी आणि कैलासाची वाट

॥ श्री शंभुमहादेव प्रसन्न ॥

हिमालयाची ओढ ही भारतीय मनाची फार जुनी ओढ आहे. उत्तराखंडातील रुद्रप्रयाग जिल्ह्यात गौरीकुंड आहे, जिथे पार्वतीने शिवप्राप्तीसाठी तप केले असे मानतात. जवळच त्रियुगीनारायण आहे. शिवपार्वतीच्या विवाहातील होमाचा अग्नी तिथे आजही प्रज्वलित आहे, ही श्रद्धा. आणि गौरीकुंडाच्या वरच्या अंगाला, ३,५८३ मीटर उंचीवर, मंदाकिनीच्या उगमाशी श्रीकेदारनाथ. महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य भाविक तिकडे जातात. कुणी दर्शनासाठी जातात, कुणी गिर्यारोहणाच्या हौसेने जातात आणि बर्फाच्छादित शिखरे पाहून तेही नकळत हात जोडतात.

ज्या शिवपार्वतींचा विवाह त्रियुगीनारायणाला झाला, त्यांचाच विवाहसोहळा सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर, चैत्र महिन्यात वर्षानुवर्षे साजरा होतो. चैत्र शुद्ध पंचमीला हळद लागते आणि अष्टमीला लग्न लागते. त्या दिवशी महादेवाच्या मंदिराच्या शिखरापासून बळीच्या मंदिराच्या शिखरापर्यंत लांबच लांब ध्वज बांधला जातो. तो पाहण्यासाठी माना उंचावून उभ्या राहिलेल्या हजारो वऱ्हाड्यांत सोलापूर, पुणे, सांगली, मराठवाडा अशा सर्व मुलखांची माणसे असतात.

या लग्नामागची परंपरागत कथा मोठी गोड आहे. सारीपाटाच्या खेळात पार्वतीकडून हार झाली आणि श्रीशंकर रुसून कैलास सोडून या डोंगरावर येऊन बसले. त्यांची समजूत काढण्यासाठी जगन्माता भिल्लिणीचे रूप घेऊन रानात आली. देव तिच्यावर भुलले, रुसवा गेला आणि पुन्हा लग्न लागले. हिमालयात पार्वतीने शिवाला तपाने जिंकले. माणदेशी ती रानातल्या बाईच्या वेषात आली. डोंगरदऱ्यांत शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या, सरपण गोळा करणाऱ्या स्त्रियांचे रूप देवीला कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट कथा ऐकताना सहसा निसटून जाते. मंदिराच्या गाभाऱ्यातही एक नव्हे, तर दोन लिंगे आहेत: शिव आणि शक्ती.

शिंगणापूर हे नाव देवगिरीच्या यादव राजा सिंघणावरून पडले, असे सांगतात. सातारच्या पूर्वेकडे पसरलेल्या या डोंगररांगेलाच भूगोलाच्या पुस्तकांत शंभू महादेवाची रांग म्हटले आहे. तिच्या एका अंगाचे पाणी कृष्णेला जाते, तर दुसऱ्या अंगाचे भीमेला. भोसले घराण्याचे हे कुलदैवत. थोर संशोधक रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात या देवाचे नाते दक्षिणेतील श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाशी जोडून दाखविले आहे. म्हणजे कथा उत्तरेच्या कैलासाकडे पाहते आणि इतिहास दक्षिणेच्या श्रीशैलाकडे. भाविकाला या दोहोंत तंटा वाटत नाही. दोन्हीकडे देव डोंगरावरच आहे.

मात्र हिमालय आणि हा डोंगर यांत एक मोठा भेद आहे आणि या स्थानाचे सारे मर्म त्या भेदात आहे. हिमालयात पाणी वरून खाली येते. भगीरथाने तप केले, शंकराने गंगा जटेत झेलली आणि ती मैदानात उतरली. तिथे देव देतो आणि माणूस घेतो. माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. ढग येतात, दिसतात आणि पुढे जातात. ज्या माणगंगेवरून या मुलखाला नाव मिळाले, तिचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे असते. अशा डोंगरावर बसलेल्या महादेवाला भक्त पाणी खालून वर नेतात, तेही खांद्यावरून, ऐन चैत्राच्या उन्हात.

चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटाने चढणाऱ्या कावडी ज्याने पाहिल्या, त्याला अधिक सांगणे नको. कोथळे बाजूने वर येणारा हा कडा इतका उभा आहे की मोकळ्या हातांनी चढतानाही दगडाला धरावे लागते. सासवडहून येणारी संत भुतोजी तेली यांची मानाची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन येते. (आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिले, ती हीच कऱ्हा.) तिच्याबरोबर इतर गावांच्या कावडी असतात. कड्यावर माणसांची साखळी उभी राहते. खालचा वरच्याला आधार देतो, वरचा खालच्याला हात देतो आणि जड कावड हातोहात, खांद्याखांद्यावरून सरकत वर जाते. पाय घसरला की ‘म्हाद्या, धाव’ अशी हाक उठते. राजेरजवाड्यांच्या कुलदैवताला अशी एकेरी हाक मारण्याचा अधिकार ज्यांच्या खांद्यावर ओझे आहे त्यांचा. मंत्रपठण करणाऱ्याला तो सहसा मिळत नाही.

इथे एक प्रश्न अनेकांच्या मनात येतो आणि तो टाळू नये. ज्या तालुक्यातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, जिथल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात १९७२ चा दुष्काळ अजून येतो, तिथे पाण्याचे हंडे डोंगरावर नेऊन शिळेवर ओतावेत, हे योग्य आहे काय? शिकलेला तरुण हे विचारतो तेव्हा त्याला नास्तिक म्हणून गप्प करणे सोपे आहे, पण ते उत्तर नव्हे.

उत्तर संत एकनाथांच्या चरित्रात आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेल्या नाथांनी वाटेत वाळवंटात तडफडणारे गाढव पाहिले आणि रामेश्वरासाठी आणलेले पाणी त्याच्या मुखात घातले. ही कथा लहानपणी सर्वांनी ऐकलेली असते. पण तिचा अर्थ ‘देवाला पाणी वाहू नका’ असा घेतला, तर तो अपुरा राहतो. नाथांजवळ ते पाणी होते, कारण शेकडो कोस त्यांनी ते वाहून आणले होते. एका थेंबाचे मोल किती, हे त्यांच्या खांद्याला ठाऊक होते. म्हणूनच तहानलेल्या जिवाला ते देताना त्यांना आपले काय चालले आहे हे नेमके कळत होते. कावड ही या जाणिवेची शाळा आहे. सासवडहून शिंगणापूरपर्यंत हंडा वाहणारा मनुष्य घरी गेल्यावर नळ वाहता ठेवत नाही. उलट गाडीतून थेट माथ्यावर उतरून बाटलीतले अर्धे पाणी पिंडीवर, अर्धे पायरीवर आणि बाटली दरीत टाकणारा यात्रेकरू अभिषेक करून गेला असे म्हणवत नाही. अभिषेकाला पळीभर पाणी पुरते. भोळ्या शंकराने त्याहून अधिक कधी मागितल्याचे ऐकिवात नाही.

या भूमीत दानाची परंपराही पाण्यापासूनच सुरू होते. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी कुलदैवताच्या चरणी जे अर्पण केले, त्यात शिंगणापूरचा तलाव प्रमुख होता. यात्रेकरूंची तहान त्यांनी पाहिली आणि आपले द्रव्य खोदकामाला लावले. याच तालुक्यातील गोंदवल्याचे श्रीब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) गुरूच्या शोधात घर सोडून दूरवर हिंडले. येहळेगावी श्रीतुकामाईंजवळ तो शोध पुरा झाला. काशी, अयोध्या, नैमिषारण्य अशी क्षेत्रे त्यांनी पाहिली आणि अखेर ते परतले ते आपल्या कोरड्या गोंदवल्यालाच. १८७६–७७ च्या भयंकर दुष्काळात त्यांनी भुकेल्यांना आपल्या शेतावर कामाला लावून अन्न दिले, असे त्यांचे चरित्र सांगते. त्यांनी फुकट वाढून कुणाला मिंधे केले नाही. अलीकडे जिहे-कठापूरसारख्या उपसा योजनांतून कृष्णेचे पाणी यंत्रांनी उचलून माण-खटावकडे आणले जाते. तीही एक कावडच म्हणावी, फक्त खांदा लोखंडाचा आहे.

आता ज्यांना हिमालय गाठता आला नाही, त्यांच्याविषयी. खानापूर, आटपाडी, माण या भागांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायामुळे देशभर विखुरलेली आहेत. त्यांतील कर्त्या मुलांना आईवडिलांना केदार-बद्री घडवावी, असे वाटते आणि ती भावना स्तुत्य आहे. परंतु कर्ज काढून, किंवा प्रकृती साथ देत नसताना केवळ ‘शेजारी जाऊन आले’ म्हणून निघणे हा देवाचा हट्ट नव्हे. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. हृदयविकार, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा आणि चढाईपूर्वी एक-दोन दिवस मधल्या उंचीवर मुक्काम करावा. जून २०१३ मध्ये केदारनाथी जो जलप्रलय झाला, त्यात हजारो जीव गेले. मंदिर उभे राहिले, कारण मागे एक प्रचंड शिळा येऊन थांबली. भाविक तिला भीमशिला म्हणतात. पर्वतावर जाणाऱ्याने पर्वताचे भय बाळगावे, त्याने भक्तीला उणेपणा येत नाही.

जो वृद्ध पिता गुडघ्यांमुळे केदारला पोहोचू शकत नाही, त्याला मुलाने हात धरून शिंगणापूरची पायरी चढवली, तर तोच शिव, तीच पार्वती आणि तेच लग्न त्याला लाभते. हा डोंगर हजार मीटरांच्या आसपास उंचीचा. वाहनेही वरपर्यंत येतात. असा मनुष्य कैलासाला मुकला, असे शास्त्र म्हणत नाही. त्याला घरी ठेवून एकट्याने केदार करून आलेल्या मुलाबद्दल शास्त्र काय म्हणते, ते ज्याने त्याने पाहावे.

चैत्र यात्रेस येणाऱ्या भाविकांनी उन्हाचा विचार करून डोक्यास वस्त्र व जवळ पिण्याचे पाणी ठेवावे. मुंगी घाटाची चढण धडधाकट व सवय असलेल्यांनीच करावी. लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांनी गाडीरस्त्याने यावे. कावडी चढत असताना घाटाच्या वाटेत उभे राहून छायाचित्रे काढू नयेत, कारण मागचा माणूस पुढच्याच्या भरवशावर पाय टाकत असतो. ज्यांना कावड खांद्यावर घेणे शक्य नाही, त्यांनी पायथ्याशी उभे राहून चढणाऱ्यांना पाणी द्यावे. त्या दिवशी तिथे हातांची नेहमीच उणीव असते. द्वादशीच्या रात्री कावडींतील पाण्याने श्रीशंभुमहादेवास अभिषेक होतो. त्या वेळी गाभाऱ्याजवळ गर्दी न करता ज्यांच्या खांद्यांवरून ते पाणी आले, त्यांना आधी पुढे जाऊ द्यावे.